पत्रके टाकली, पाप फिटले?

३० जुलै २००६ च्या रात्री एकच्या सुमारास दक्षिण लेबनॉनमधील काना या गावावर इस्रायली हवाई दलाची विमाने आली. गावातील एका तीन मजली घराच्या तळमजल्यावर दोन मोठ्या कुटुंबांतील सुमारे साठ माणसे दाटीवाटीने झोपली होती. आपापली घरे सोडून ती या घरात जमली होती; कारण एवढेच, की हे घर त्यांना आसपासच्या घरांपेक्षा भक्कम वाटले. बॉम्ब नेमका त्याच घरावर पडला. काही जण अंधारात चाचपडत बाहेर पडले. टायर शहर तेथून फार दूर नाही. परंतु बॉम्बफेकीने रस्ते उखडलेले, म्हणून मदतपथके पोहोचली ती उजाडल्यावर. ढिगाऱ्यातून २८ मृतदेह निघाले. त्यांपैकी १६ मुलांचे होते.

या घटनेला आता दोन दशके होत आली. मधल्या काळात जगाने याहून मोठे संहार पाहिले. मग कानाची आठवण आज कशासाठी? ती अशासाठी, की युद्धात निरपराध माणसे मारली गेल्यानंतर जे युक्तिवाद केले जातात, ते सर्वच्या सर्व त्या एका आठवड्यात उच्चारले गेले आणि एकेक करून कोसळले. तरीही तेच युक्तिवाद आजही नव्या कोऱ्या नाण्यासारखे बाजारात चालतात. आपल्याकडेही चालतात. राष्ट्रनिष्ठ म्हणवणाऱ्या वर्तुळात तर अधिकच चालतात. म्हणून ते नाणे एकदा वाजवून पाहणे आवश्यक आहे.

बदलत गेलेला खुलासा

प्रथम सांगण्यात आले, की कानाच्या परिसरातून हिजबुल्लाने दीडशेच्या आसपास रॉकेटे डागली होती आणि रहिवाशांना गाव सोडण्याचा इशारा आधीच देण्यात आला होता. मग हवाई दलाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने शंका काढली, की मारा मध्यरात्रीनंतरचा आणि इमारत पडली ती सकाळी. मधल्या तासांत काय घडले, कोण जाणे! त्या घरात ठेवलेला दारूगोळाच फुटला असेल, असे सूचित करण्याचा तो प्रयत्न होता. वाचलेल्या माणसांनी सांगितलेली हकिकत मात्र सरळ होती. बॉम्ब पडला आणि घर त्याच क्षणी अंगावर आले.

चार दिवसांतच इस्रायली सैन्याच्या चौकशीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आत नागरिक आहेत हे ठाऊक असते तर हल्ला केलाच नसता, असे त्यात मान्य करण्यात आले. इमारत अतिरेक्यांची लपण्याची जागा असावी, असा समज होता. आणि ज्या गावांना इशारे दिले आहेत तेथील संशयास्पद वास्तूंवर मारा करायचा, या धोरणानुसार ती लक्ष्य ठरली. त्या विशिष्ट घरातून रॉकेट डागल्याची किंवा त्या रात्री आत हिजबुल्लाचे लोक असल्याची माहिती सैन्याकडे नव्हती, असे वृत्त इस्रायलच्याच ‘हारेट्झ’ या दैनिकाने दिले.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. या प्रकरणाला ‘चूक’ म्हटले गेले. परंतु चूक कशात झाली? नेम चुकला नव्हता. वैमानिकाला जे घर दाखवले होते, त्याच घरावर अचूक बॉम्ब पडला. चूक होती ती घर निवडण्याच्या निकषात. ‘गाव रिकामे करा’ असे सांगितले, त्याअर्थी गावात नागरिक उरलेले नाहीत. आणि नागरिक उरलेले नाहीत, त्याअर्थी घरात जो असेल तो शत्रू, ही ती तर्कपद्धती. घटनेच्या तीनच दिवस आधी इस्रायलचे तत्कालीन न्यायमंत्री हैम रामोन यांनी आकाशवाणीवरून जाहीरपणे सांगितले होते, की दक्षिण लेबनॉनमध्ये आता जे कोणी उरले आहेत ते सर्व या ना त्या प्रकारे हिजबुल्लाशी संबंधित दहशतवादीच आहेत. न्यायखात्याच्या मंत्र्याने असे बोलल्यावर रात्रीच्या अंधारात वैमानिकाने वेगळा विचार करावा, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

जे राहिले, ते कोण होते?

इशारा देणे ही चांगली गोष्ट आहे. पुष्कळ सेना तेवढेही करत नाहीत. पण इशाऱ्याचे मोल ऐकणाऱ्याला बाहेर पडता येते की नाही, यावर ठरते. लिटानी नदीवरील पूल पाडलेले होते. रस्त्यांवर वाहने टिपली जात होती. इंधन संपत आले होते. जे गाडीवाले जाण्यास तयार होते, ते मागत ते भाडे तंबाखूच्या शेतावर पोट भरणाऱ्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते. अंथरुणाला खिळलेली म्हातारी, अपंग मूल, दिवस भरत आलेली सून यांना घेऊन कोणत्या रस्त्याने जायचे?

आणि जे गेले, त्यांचे काय झाले? १५ जुलै २००६ रोजी सीमेलगतच्या मारवाहीन गावात ध्वनिक्षेपकावरून गाव सोडण्याचा हुकूम देण्यात आला. गावकऱ्यांनी तो पाळला. टायरकडे निघालेल्या त्यांच्या वाहनांवर वाटेतच मारा झाला आणि २३ जण मारले गेले. त्यांत बहुसंख्य बायका-मुले होती. ही बातमी कानाच्या लोकांनी ऐकली नसेल काय? राहावे तर घरात मरण, निघावे तर रस्त्यावर मरण! अशा स्थितीत ज्याने घरात राहणे पत्करले, त्याने ‘इशारा धुडकावला’ असे म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

त्याच दिवसांत आपल्या नौदलाने ‘ऑपरेशन सुकून’ राबवले. आयएनएस मुंबई आणि तिच्या सोबतच्या युद्धनौकांनी बैरूतच्या बंदरातून सव्वादोन हजारांहून अधिक लोकांना सायप्रसला सुखरूप नेले. त्यांत आपल्या नागरिकांबरोबर श्रीलंकेचे आणि नेपाळचे नागरिकही होते. प्रत्येक भारतीयाने अभिमान बाळगावा अशी ती कामगिरी होती. परंतु तिच्यातून एक साधे सत्यही दिसते. ज्यांच्या देशाने जहाज धाडले, ते सुटले. कानातल्या त्या दोन कुटुंबांसाठी कोणतेही जहाज येणार नव्हते.

कानाच्या प्रक्षोभानंतर इस्रायलने दक्षिण लेबनॉनवरील हवाई हल्ले ४८ तासांसाठी स्थगित केले. ती स्थगिती पूर्णपणे पाळली गेली नाही हा भाग वेगळा. पण त्या उसंतीत बिन्त जबैलसारख्या उद्ध्वस्त गावांच्या ढिगाऱ्यांमधून कोण बाहेर आले? काठी टेकत चालणारे वृद्ध, दिवसेंदिवस अन्नपाण्यावाचून तळघरात बसलेल्या बायका. ‘उरलेले सर्व दहशतवादी’ या विधानाला याहून मोठे उत्तर काय असू शकते?

आकड्यांची ढाल

आता दुसरी बाजू. पहिल्या दिवशी जगभर आकडा गेला तो पन्नासहून अधिक मृतांचा. वाचलेल्यांची संख्या ठाऊक नसल्याने, आत जमलेल्यांच्या यादीतून हिशेब केला गेला होता. पुढे ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने रुग्णालयाच्या आणि रेड क्रॉसच्या नोंदी पाहून तो २८ असा दुरुस्त केला. हिजबुल्लाच्या प्रचारयंत्रणेला अर्थातच मोठा आकडा सोयीचा होता. ढिगाऱ्यातून काढलेली बालकांची प्रेते छायाचित्रकारांसमोर पुन:पुन्हा धरली गेली, अशा तक्रारीही झाल्या. मृत मुलाचे भांडवल करणारा हा निर्लज्जपणा निषेधार्हच आहे.

पण आकडा खाली येताच दुसऱ्या बाजूने काय झाले? ‘पाहा, सगळा बनाव!’ अशी आरोळी उठली. कोणी छायाचित्रांतील सावल्या मोजल्या, कोणी मदतकार्य करणाऱ्याच्या शिरस्त्राणाच्या रंगावर लेख लिहिले. ५६ ऐवजी २८ हा जणू निर्दोषत्वाचा दाखलाच ठरला! आकडा वाढवणारा आणि आकडा घटल्याचा आनंद मानणारा हे दोघे एकाच पंक्तीतले. पहिल्याला प्रेते कमी पडतात, दुसऱ्याला ती जास्त वाटतात. सोळा मुलांची आई कोणत्या पक्षाची, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही.

हिजबुल्लाचे पाप हिजबुल्लाच्या माथी

हे युद्ध कोणी ओढवून घेतले, याविषयी संदिग्धता असू नये. १२ जुलै २००६ रोजी हिजबुल्लाने सीमा ओलांडून इस्रायली गस्तीवर हल्ला केला, सैनिक ठार केले, दोघांना पळवून नेले. त्यानंतर महिनाभर त्या संघटनेने उत्तर इस्रायलवर सुमारे चार हजार रॉकेटे सोडली. ती सैनिकी तळांवर नेम धरून सोडली जात होती, असे तिचा कोणी कट्टर समर्थकही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. हैफाच्या रेल्वे कार्यशाळेत १६ जुलैला आठ कामगार मारले गेले. नाझरेथमध्ये दोन अरब भावंडे खेळता खेळता बळी पडली. लाखो इस्रायली कुटुंबे आसरागृहांत तरी बसली किंवा दक्षिणेकडे तरी गेली. वस्त्यांच्या आडोशाने रॉकेटे डागणे आणि प्रत्युत्तरात मरणाऱ्या शेजाऱ्यांना ‘हुतात्मे’ म्हणणे हा युद्धगुन्हाच आहे. आपल्याकडील जे विचारवंत काना उच्चारताना हैफा गिळून टाकतात, त्यांच्या मानवतेला एकच डोळा आहे.

परंतु म्हणूनच दुसरा डोळा आपण मिटावा काय? शत्रूने माणसांची ढाल केली तर ढाल करण्याचा गुन्हा शत्रूचा. पण ढाल माणसांचीच असते, ती लोखंडाची होत नाही. एका पक्षाने नियम मोडला म्हणून दुसरा पक्ष नागरिकांविषयीच्या कर्तव्यातून मुक्त होत नाही, असे जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक मसुद्यात स्पष्ट नमूद आहे. त्याच मसुद्यात आणखी एक तत्त्व आहे: घरासारखी वास्तू लष्करी कामासाठी वापरली जात आहे की नाही याविषयी संशय असेल, तर ती तशी वापरली जात नाही असेच मानले पाहिजे. म्हणजे संशयाचा फायदा घराला. कानामध्ये हे तत्त्व उलटे टांगले गेले. तेथे संशय हाच पुरावा ठरला.

इस्रायलने या मसुद्यावर सही केलेली नाही, असे कोणी म्हणेल. भारतानेही तो स्वीकारलेला नाही. परंतु नागरिक आणि सैनिक यांत भेद करण्याचे, मारा करण्यापूर्वी शहानिशा करण्याचे मूळ बंधन हे सहीवर अवलंबून नाही. ते रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग मानले जाते. दूर कशाला, त्याच वर्षी डिसेंबर २००६ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अहरोन बराक यांनी लक्ष्यवेधी हत्यांसंबंधीच्या खटल्यात निर्णय देताना बजावले, की एखाद्यावर मारा करण्यापूर्वी त्याच्याविषयी खात्रीलायक माहिती हवी आणि ती आहे हे दाखवण्याचे ओझे मारा करणाऱ्यावर आहे. ज्या राष्ट्राचे न्यायालय स्वतःच्या सेनेला असे सांगू शकते, त्या राष्ट्राविषयी आदर बाळगावाच. पण मग त्या न्यायालयाचे म्हणणे गंभीरपणे घेणे हाच त्या आदराचा खरा अर्थ नव्हे काय?

कौतुक कशाचे?

आपल्या वाचकांना त्या जुलैची आठवण असेल. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे घरी परतलीच नाहीत. दुसऱ्याच दिवशी लेबनॉनमधील युद्ध पेटले. त्या दिवसांत घराघरांत, गाडीच्या डब्यांत, शाखा सुटल्यानंतरच्या गप्पांत एकच वाक्य ऐकू येत असे: ‘दोन सैनिक पळवले तर इस्रायल काय करते पाहा, आणि आपण?’ त्या वाक्यातील संताप खरा होता. दहशतवादापुढे हतबल दिसणारे शासन कोणत्याही स्वाभिमानी माणसाला असह्य होते. परंतु त्या संतापात एक गल्लत मिसळली. इस्रायलचा निर्धार, तेथील नागरिकांची शिस्त, छोट्या देशाची विज्ञाननिष्ठा यांचे कौतुक करता करता आपण कानाच्या ढिगाऱ्याकडेही त्याच कौतुकाने पाहू लागलो. पराक्रम आणि बेपर्वाई यांतील रेषा पुसली गेली.

ही रेषा आपल्याला परक्यांनी शिकवण्याची गरज नाही. रयतेच्या भाजीच्या देठालाही धक्का लागू नये, अशी आपल्या सैन्याला ताकीद देणाऱ्या राजाचे नाव घेऊन आपण सभा सुरू करतो. महाभारतातील सौप्तिक पर्वही आपल्याला ठाऊक आहे. अश्वत्थाम्याचा क्रोध अकारण नव्हता. पित्याचा वध कपटाने झाला होता. तरीही झोपलेल्या छावणीत शिरून त्याने जे केले, त्याला व्यासांनी पराक्रम म्हटले नाही. आणि त्या कथेत आणखी एक व्यक्ती आहे, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. कृपाचार्य. झोपलेल्यांना मारणे अधर्म आहे, असे त्यांनी भाच्याला समजावले. तो ऐकेना, तेव्हा ते त्याच्यासोबत गेले आणि शिबिराच्या दारात पहारा देत उभे राहिले. २००६ मध्ये मोठ्या राष्ट्रांनी कानाबद्दल दुःख व्यक्त केले. सुरक्षा परिषदेने तीव्र धक्का आणि व्यथा नोंदवली. परंतु त्याच जुलैमध्ये अमेरिका अचूक बॉम्बची खेप इस्रायलला तातडीने रवाना करत असल्याची बातमी आली होती. निषेधाचे भाषण करून दाराशी पहारा देणारे कृपाचार्य प्रत्येक युगात असतात.

‘मग दहशतवाद्यांशी लढायचे तरी कसे?’ असे विचारणाऱ्याने नोव्हेंबर २००८ मधील कुलाब्याचे नरिमन हाऊस आठवावे. तेथे अतिरेकी आत आहेत याविषयी संशय नव्हता, खात्री होती. इमारत उडवून देणे सोपे होते. पण आत ओलीस होते, चहूबाजूंनी वस्ती होती. म्हणून राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो हेलिकॉप्टरमधून दोराने गच्चीवर उतरले. हवालदार गजेंद्रसिंह बिश्त तेथे हुतात्मा झाले. ओलीस वाचले नाहीत, तरी त्या कारवाईला कोणी दुबळेपणा म्हणत नाही. ‘ते आपले शहर होते, काना शत्रूचे गाव’ असे जो म्हणेल, त्याने इतकेच सांगावे, की तीन वर्षांचे मूल कोणत्या सीमारेषेवर शत्रू होते?

१९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर आपले जवान पडत असतानाही हवाई दलाला नियंत्रण रेषा न ओलांडण्याचा आदेश होता. तो पाळून आपण शिखरे परत घेतली आणि जगाचे मतही जिंकले. काना प्रकरणात नेमके उलटे घडले. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस यांना बैरूतची नियोजित भेट रद्द करावी लागली. जो लेबनीज समाज हिजबुल्लाला दूषणे देत होता, त्यातील पुष्कळ जण तिच्याभोवती उभे राहिले. १४ ऑगस्टला युद्ध थांबले तेव्हा ती संघटना जिवंत होती आणि विजयाच्या सभा भरवत होती. निरपराधांचे रक्त शत्रूच्याच खात्यात व्याजासह जमा होते, हा हिशेब सेनापतींना कळायला हवा होता.

धडा कोणी घेतला?

काना हे नाव जगाला २००६ मध्येच प्रथम कळले असेही नाही. १८ एप्रिल १९९६ रोजी याच गावातील संयुक्त राष्ट्रांच्या तळावर इस्रायली तोफगोळे पडले होते. आसऱ्याला आलेल्या गावकऱ्यांपैकी शंभराहून अधिक जण त्या दिवशी मारले गेले. दहा वर्षांत तेच गाव, तोच आसरा, तोच खेद.

आणि पुढे? २०२४ च्या युद्धात पत्रकांची जागा भ्रमणध्वनीवरील नकाशांनी घेतली. लोकांनी ते नकाशे पाहून दक्षिण सोडली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी सिडॉनजवळील ऐन अल-दिल्ब येथील निवासी इमारत हवाई माऱ्यात कोसळली. विस्थापितांना आसरा देणाऱ्या त्या इमारतीत ४५ हून अधिक माणसे गेली. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी उत्तरेकडील ऐतू या ख्रिस्ती गावात, दक्षिणेतून आलेल्या कुटुंबाने भाड्याने घेतलेल्या घरावर मारा झाला. वीसहून अधिक मृत्यू. दोन्ही ठिकाणी लक्ष्य हिजबुल्लाचे होते असे सांगण्यात आले. असेलही. पण एका माणसासाठी अख्खी इमारत पाडण्यापूर्वी आत किती बायका-मुले आहेत, याची मोजदाद कोणी केली? ही सारी माणसे तर इशारा पाळून निघालेली होती! २००६ मध्ये न निघालेल्यांना दोष दिला. २०२४ मध्ये निघालेल्यांना कोणता दोष देणार?

म्हणून यापुढे कोणत्याही युद्धात, कोणत्याही देशाच्या विमानाने विस्थापितांनी भरलेले घर पाडले आणि ‘आम्ही इशारा दिला होता’ हे वाक्य ऐकू आले, की प्रत्येक विचारी माणसाने तीन प्रश्न विचारावेत. ज्यांना इशारा दिला, त्यांना जाण्यासाठी सुरक्षित वाट ठेवली होती काय? मागे राहिलेल्यांना माणसे मानले होते काय? आणि त्या घरात शत्रू आहे, याची खात्री मारा करण्याआधी केली होती की नंतर शोधली? मारणारा आपला मित्र असला तरी हे प्रश्न विचारावेत. तो आपला शत्रू असला तरी हेच विचारावेत, एक शब्दही अधिक-उणा न करता.

बलशाली राष्ट्र व्हावे ही आपली आकांक्षा आहे आणि ती योग्यच आहे. पण बळ कोणावर चालवायचे नाही, हे ज्याला कळते त्याच्याच हाती बळ शोभते. कागदाच्या चिटोऱ्यावर ‘निघून जा’ एवढे छापून टाकल्याने घर रणभूमी होत नाही आणि त्यात निजलेले मूल सैनिक होत नाही. पत्रके वाऱ्यावर उडून जातात. पाप मात्र ज्याचे त्याच्या दारी राहते.